पोपडे राहू द्या!

लंडनमध्ये टॉवर ब्रिजपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर ग्रेसेस ॲली नावाचा एक बोळ आहे. बोळात एकमेकांना चिकटून उभी असलेली जुनी घरं, मधोमध कोरीव दगडी चौकट आणि रंग उडालेला लाल दरवाजा. आत शिरलं की फरशी झिजलेली, भिंतींना पोपडे, कुठे विटा उघड्या, कुठे गिलाव्याखालून डोकावणारा शंभर वर्षांपूर्वीचा रंग. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, पैसे संपले असावेत आणि काम अर्ध्यावर सोडून कंत्राटदार पळाला असावा.

प्रत्यक्षात या इमारतीची दुरुस्ती २०१५ साली रीतसर पूर्ण झाली. त्यासाठी लाखो पौंड खर्च झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने, म्हणजे आरआयबीएने, या कामाला राष्ट्रीय पुरस्कारही दिला. ही इमारत म्हणजे विल्टन्स म्युझिक हॉल. साहजिकच कोणीही विचारेल की दुरुस्ती केली, तर ती दिसत का नाही?

उत्तर गमतीचं आहे, पण त्यासाठी आधी म्युझिक हॉल ही काय चीज होती ते बघावं लागेल.

नाटक की बिअर?

नावावरून गाण्याची मैफल डोळ्यांसमोर येते. तसं नव्हतं. संगीत नाटकही नव्हे, कारण इथे कथानकच नसायचं. आपल्या ओळखीतलं सांगायचं तर संगीत बारीतली प्रेक्षकांशी होणारी सलगी, ऑर्केस्ट्रातला चुरचुरीत निवेदक आणि जत्रेतले कसरतीचे खेळ हे सगळं एका छपराखाली आणा, आणि प्रेक्षकांच्या पुढ्यात बिअरचे पेले नि गरम जेवण ठेवा. एक गायक येऊन गाणं म्हणणार, मग जादूगार, मग विनोदी गाणी, मग डोंबारी. एकेका कलाकाराच्या पाळीला ‘टर्न’ म्हणत. नावाजलेले कलाकार एकाच रात्री घोडागाडीने लंडनभर फिरून तीन-चार हॉलमध्ये टर्न उरकत. मंचाजवळ ‘चेअरमन’ बसायचा. हातात लाकडी हातोडी, समोर पेला. पुढच्या कलाकाराची ओळख करून द्यायची आणि गोंगाट वाढला की हातोडी आपटायची, हे त्याचं काम. गाण्याचं ध्रुवपद सगळ्या हॉलने एका सुरात म्हणायचं, निदान प्रयत्न तरी करायचा.

हा प्रकार जन्माला आला तो बराचसा कायद्यामुळे. १८४३ पर्यंत लंडनमध्ये गंभीर, संवादप्रधान नाटक करायची अधिकृत मुभा जवळपास दोनच नाट्यगृहांना होती, ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन. बाकीचे पळवाटा शोधत. १८४३ च्या थिएटर कायद्याने ही मक्तेदारी मोडली, पण एक अट आली. पूर्ण नाटक करायचं असेल तर प्रेक्षागृहात दारू आणि तंबाखू चालणार नाही. दारू चालू ठेवायची असेल तर नाटक विसरा, फक्त गाणी आणि किरकोळ करमणूक करा.

पबच्या मालकांना या निवडीत डोकं खाजवायची गरज पडली नाही. गल्ला बिअरवर चालायचा. त्यांनी नाटक सोडलं, बिअर ठेवली आणि पबमागच्या गाण्याच्या खोल्या वाढवत वाढवत मोठे हॉल बांधले. सुरुवातीला कित्येक ठिकाणी दारात पैसे दिले की एक बिल्ला मिळायचा, तो आत बारवर दिला की पेला हातात. म्हणजे गाणं हे बिअरचं गिऱ्हाईक खेचायचं साधन होतं. १८५२ साली चार्ल्स मॉर्टनने लँबेथमध्ये ‘कँटरबरी’ नावाचा हॉल काढला, तो इतका चालला की शहरभर त्याच्या नकला झाल्या. विल्टन्स ही त्यातलीच एक, पण नशिबाने टिकलेली.

बोळातला महाल

ग्रेसेस ॲलीतली मूळची पाच घरं, सगळ्यात जुनी १६९० च्या दशकातली. शेजारी वेलक्लोज स्क्वेअर नावाचा चौक होता, तिथे स्कँडिनेव्हियातून आलेले जहाजांचे कप्तान आणि लाकडाचे व्यापारी राहत. त्यांच्यासाठी पहिल्या घरात अठराव्या शतकात पब सुरू झाला. पुढे १८२० च्या दशकात मालकाने तिथे महॉगनी लाकडाचा झकपक बार बसवला आणि लोक त्या जागेला ‘महॉगनी बार’च म्हणू लागले. १८३९ मध्ये मागे गाण्याची खोली झाली. १८५० च्या सुमारास हा धंदा बाथ शहरातून आलेल्या जॉन विल्टनने घेतला.

विल्टनची पंचाईत अशी, की जागा बोळात. दर्शनी भाग रस्त्यावर नाही आणि शेजारची घरं पाडून भव्य दरवाजा उभारणं परवडणारं नाही. मग त्याने पुढची घरं तशीच ठेवली आणि त्यांच्या पोटात, मागच्या अंगणांच्या जागेवर हॉल बांधला. २८ मार्च १८५९ रोजी तो उघडला. आजही इथला खरा धक्का तोच आहे. बाहेरून चाळीसारखं दिसणारं काहीतरी, अंधारं बोळकांडं, आणि एकदम समोर उंच कमानदार छताचा लांबलचक हॉल. तिन्ही बाजूंनी बाल्कनी, आणि ती तोलून धरायला ओतीव लोखंडाचे बारीक खांब, दोरखंडाला पीळ द्यावा तसे पिळाचे. बाल्कनीच्या कठड्यावर कागदाच्या लगद्यापासून घडवलेली वेलबुट्टी. मंच बराच उंच, कारण खाली लोक खात-पीत, उठत-बसत, फिरत असायचे आणि मागच्यांनाही गायक दिसायला हवा. पुढे जेवणाची टेबलं, मग बाकं, कडेने उभ्याने फिरणाऱ्यांसाठी जागा. १,५०० माणसं मावत. आज सुरक्षेच्या नियमांमुळे त्याच्या निम्मीही बसवत नाहीत.

छताच्या मध्यभागी होता ‘सनबर्नर’, म्हणजे गॅसचं झुंबर. याबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. वीज नव्हती, उजेड गॅसच्या ज्योतींचा. विल्टनच्या झुंबरात ३०० ज्योती आणि २७,००० लोलक होते, भिंतींवर आरसे, म्हणजे लखलखाट विचारू नका. पण गॅसची ज्योत हवा खाते, काजळी सोडते आणि खोलीची भट्टी करते. त्यात पंधराशे माणसांचे श्वास आणि चिरुटांचा धूर. यावर तोडगा असा, की ज्योतींचं कडं छताला लागून बसवायचं आणि त्याच्या डोक्यावर थेट छपराबाहेर जाणारं धुरांडं ठेवायचं. गरम हवा वर पळते, जाताना खालची कोंदट हवा सोबत ओढून नेते. म्हणजे दिवा हाच हवा बाहेर फेकणारा पंखा. मला ही व्हिक्टोरियन काळातली सगळ्यात हुशार युक्ती वाटते, धोकादायक असली तरी. हे झुंबर जिथे टांगलेलं होतं तिथल्या छपरातल्या लाकडी तुळया जळून कोळशासारख्या काळ्या पडल्या आहेत. त्या अजून तशाच आहेत.

प्रेक्षक कोण? जवळच टेम्सच्या गोद्या, त्यामुळे खलाशी, हमाल, नावाडी, आसपासचे कारागीर, दुकानदार. त्या गोद्यांमध्ये मुंबईहून येणाऱ्या बोटींवरचे कोकणातले खलाशीही उतरत. आशियाई खलाशांसाठी जवळच लाइमहाउसला १८५७ मध्ये वसतिगृहच उघडलं होतं. मंचावर त्या काळातले मोठे तारे आले. ‘शॅम्पेन चार्ली’ म्हणून गाजलेला जॉर्ज लेबर्न इथे गायला. हा गडी मूळचा कामगार, पण श्रीमंत छैलछबिल्याची भूमिका इतकी भिनली की पुढे एका मॅनेजरने करारातच अट घातली: रस्त्यातही त्याने तसाच थाटात वावरायचं, चार घोड्यांच्या गाडीतून हिंडायचं आणि शॅम्पेन प्यायचं. आजच्या इन्फ्लुएन्सरांना वाटतं हे त्यांनी शोधलं.

आग, कायदा, मग सूप

विल्टनने दहाएक वर्षांत निवृत्ती घेतली. पुढचे मालक बदलत राहिले. १८७७ साली आग लागली आणि हॉल आतून खाक झाला. तो पुन्हा बांधला, पण १८७८ मध्ये लंडनसाठी नवा कायदा आला. करमणुकीच्या जागांना आगीपासून सुरक्षिततेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. बाहेर पडायचे रस्ते, जिने, मंच आणि प्रेक्षागृह यांतली भिंत, हे सगळं बदलायला पैसा लागणार होता. बोळातल्या, घरांच्या पोटात दडलेल्या हॉलला तर बाहेर पडायला रस्ता काढणंच मुश्कील. लंडनमधले कितीतरी छोटे हॉल या कायद्यापुढे बंद पडले. १८८० च्या सुमारास विल्टन्सही बंद झाला. पुरती तीस वर्षंही चालला नाही.

पुढे म्युझिक हॉलचा धंदा वाढतच गेला, पण त्याचं रूप पालटलं. १९०१ चं हॅकनी एम्पायर, १९०४ चं लंडन कोलिझियम अशी फ्रँक मॅचमने बांधलेली आलिशान ‘व्हरायटी’ नाट्यगृहं आली. टेबलं गेली, खुर्च्यांच्या रांगा आल्या, दारू प्रेक्षागृहाबाहेर गेली. जे जुने हॉल चालू होते त्यांनीही स्वतःला तसंच पाडून, वाढवून नवं करून घेतलं. नंतर सिनेमाने उरलेसुरले गिळले. विल्टन्स आधीच बंद पडला असल्यामुळे या सगळ्यातून सुटला. त्याला नवा करायला कोणाकडे कारणही नव्हतं आणि पैसाही.

१८८८ मध्ये इमारत मेथडिस्ट पंथाच्या मिशनने घेतली. हे लोक दारूचे कट्टर विरोधक, त्यांना दारूचा हा अड्डा मुद्दामच हवा होता. नाव मात्र त्यांनी ठेवलं ‘महॉगनी बार मिशन’, जुन्या गिऱ्हाइकांना पत्ता सापडावा म्हणून की काय! दुसऱ्याच वर्षी लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी ६ पेन्स मजुरीसाठी संप पुकारला. संपाच्या दिवसांत या मिशनने रोज २,००० जेवणं वाढली. जिथे चेअरमन हातोडी आपटायचा तिथे आता संपकऱ्यांच्या पोराबाळांसाठी सूप उकळत होतं. मिशन जवळजवळ सत्तर वर्षं टिकलं. १९३६ साली शेजारच्याच केबल स्ट्रीटवर लोकांनी ऑस्वाल्ड मोस्ली या ब्रिटिश नेत्याच्या फॅसिस्टांचा मोर्चा अडवला तो काळ त्याने पाहिला, दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूला बॉम्ब पडताना पाहिले. १९५६ ला मिशन उठलं आणि हॉल झाला चिंध्यांचं गोदाम. जुने कपडे आणायचे, निवडायचे, गठ्ठे बांधायचे.

१९६० च्या दशकात सरकारने सगळा परिसर पाडून नवी घरं बांधायचं ठरवलं. वेलक्लोज स्क्वेअरची जुनी घरं गेलीच. विल्टन्स वाचला तो कवी जॉन बेट्जमन आणि म्युझिक हॉलच्या चाहत्यांच्या संस्थेने आरडाओरडा केला म्हणून. विनोदी नट स्पाइक मिलिगन आणि पीटर सेलर्सही त्यात होते. १९७१ मध्ये तो ‘ग्रेड टू स्टार’ या संरक्षित वास्तूंच्या यादीत गेला. पाडता येत नाही आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, अशा त्रिशंकू अवस्थेत आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. १९९७ मध्ये अभिनेत्री फिओना शॉने इथे एकपात्री प्रयोग केला तेव्हा लोक पुन्हा आत आले. २००७ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या १०० वास्तूंमध्ये त्याचं नाव घातलं. छत गळत होतं, भिंती खचत होत्या, पुढच्या घरांचा मोठा भाग वापरण्याजोगाच नव्हता.

कोणत्या सालात परत न्यायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गावच्या देवळाच्या काळ्या दगडावर चकचकीत ऑइलपेंट, गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स आणि शिखरावर नवी कोरी रंगीबेरंगी मूर्ती. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटीही. वाईट हेतू कोणाचाच नसतो. जुनं ते नव्यासारखं दिसलं की काम झालं, असं आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही हेच चाललं होतं. मध्ययुगीन चर्चचा गिलावा खरवडून, मधल्या शतकांची भर काढून टाकून वास्तुविशारद त्यांना ‘मूळ’ रूप देत, आणि ते मूळ रूप बऱ्याचदा त्यांच्या कल्पनेतलंच असे. याला वैतागून कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी, असं टोपणनाव पडलं. विल्टन्सला आग लागली तेच साल. योगायोग आहे, पण मला आवडतो.

मॉरिसचं म्हणणं साधं होतं. जुनी इमारत पडू देऊ नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, पण काळाने तिच्यावर लिहिलेलं पुसू नका. विल्टन्सचं काम करणाऱ्या वास्तुविशारद टिम रोनाल्ड्स यांच्या कार्यालयाने आणि २००४ मध्ये कारभार हाती घेतलेल्या फ्रान्सेस मेयू यांनी हाच रस्ता धरला. आणि इथे तो धरण्यामागे फार व्यवहारी कारण आहे.

समजा, तुम्हाला हा हॉल ‘पूर्वीसारखा’ करायचा आहे. पूर्वी म्हणजे कधी? १८५९ सालचा, आरसे आणि लोलकांचा हॉल तर १८७७ च्या आगीत गेला. १८७८ चा म्हणाल तर त्यावर मिशनची सत्तर वर्षं चढली आहेत. संपातल्या सुपाची खूण पुसायची का? चिंध्यांचं गोदाम हा इतिहास नाही का? आणि पुढची घरं तर हॉलहून दीडशे वर्षं जुनी. एक साल निवडलं की बाकी सगळी सालं कचऱ्यात. शिवाय ज्याची पुरेशी नोंदच नाही ते पुन्हा उभं करायचं, म्हणजे नाटकाचा सेट लावायचा.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मला बिनतोड वाटतो. जॉन विल्टन आज आला तर पोपडे बघून कपाळावर हात मारून घेईल. त्याने लखलखाट विकला होता. गरीब वस्तीतल्या माणसाला चार पैशांत महालात बसवलं होतं. त्याच्या हॉलला आज जे भग्न सौंदर्य चिकटलंय ते आपल्या काळाची आवड आहे, त्याच्या काळाची नव्हे. खरं आहे. पण विल्टनला खूश करायचं तर खोटं झुंबर टांगावं लागेल, आणि त्यापेक्षा काळ्या पडलेल्या तुळया जास्त सांगून जातात.

न दिसणारं काम

तर पैसे गेले कुठे? पहिल्यांदा लॉटरीच्या निधीतून वारसा वास्तूंना पैसे देणाऱ्या संस्थेने अर्ज नाकारला होता. मग काम दोन टप्प्यांत तोडलं. आधी हॉल, जो २०१३ पर्यंत झाला, आणि नंतर लॉटरीचा निधी मिळाल्यावर पुढची घरं, २०१५ पर्यंत.

छप्पर सर्वांत आधी, कारण पाणी थांबल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. मग कुजलेली तुळयांची टोकं, खचणाऱ्या भिंती, माणसांचं वजन पेलायला जमिनीखालचा आधार. नवी वायरिंग, हीटिंग, हवा खेळती ठेवायची सोय, आग लागली तर बाहेर पडायचे मार्ग. हे सगळं असं बसवायचं की डोळ्यांना जुनी भिंतच दिसावी. नवी इमारत बांधण्यापेक्षा हे जिकिरीचं. नव्या भिंतीत वायर कुठूनही नेता येते; इथे प्रत्येक भोकासाठी आधी विचारावं लागतं की या गिलाव्याखाली काय आहे.

अशा जुन्या विटांच्या भिंतींना सिमेंट का लावत नाहीत, हे पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. चुन्याची भिंत श्वास घेते. आत शिरलेली ओल चुन्यातून सावकाश बाहेर पडते. वर सिमेंट फासलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगायला लागते. म्हणून दुरुस्तीही चुन्यातच करायची. तसंच रंगाचं. भिंतीवरचे रंगाचे थर हे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे असतात. इवलासा छेद घेऊन भिंगाखाली पाहिला तर कुठल्या पिढीने कोणता रंग दिला ते क्रमाने दिसतं. एकदा खरवडलं की ती वही फाटली. त्यामुळे सुटणारे पोपडे जागच्या जागी पक्के करायचे, गळून पडू द्यायचे नाहीत, आणि त्यावर नवा हातही मारायचा नाही. पोपडा जपणं हे रंग मारण्यापेक्षा कितीतरी महाग काम आहे, हे ऐकून कुठलाही रंगारी हसेल.

याचा अर्थ सगळीकडे असंच करावं, असं नाही. मुंबईत चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस घ्या. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, पुढे सिनेमाचं थिएटर झालं, १९९३ पासून बंद. तेही वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत होतं, २०१२ च्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी त्याचा सोनेरी थाट, नक्षीदार छत, बॉक्स परत आणले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला. म्हणजे विल्टन्सचं काम संपल्यावर जेमतेम वर्षभराने, आणि अगदी उलट पद्धतीने. मला दोन्ही पटतात. ऑपेरा हाउसचा सगळा अर्थच थाटात आहे. ते मळकट ठेवलं असतं तर फक्त दुर्लक्ष वाटलं असतं. विल्टन्स हा एका बोळात दडलेल्या घरांचा, पबचा, प्रार्थनेचा आणि चिंध्यांचा गुंता आहे. त्यातला एकच धागा सोडवून चमकवला असता तर उरलेला गुंता तुटला असता.

आज तिथे नाटकं होतात, मैफली होतात, म्युझिक हॉलच्या जुन्या गाण्यांचे कार्यक्रमही होतात. मिशनच्या लोकांनी दारू हटवण्यासाठी जो महॉगनी बार विकत घेतला होता, त्याच्या जागी पुन्हा बार आहे, नावही तेच. प्रयोगाआधी लोक तिथे पेला घेऊन उभे असतात. मग बोळकांड्यातून हॉलमध्ये जातात, आणि बहुतेकांची मान आपोआप वर, छताच्या मध्याकडे वळते, जिथे आता काहीच टांगलेलं नाही.